टेपखालचे हँडल: दुबई मरीनाच्या खाऱ्या हवेत रोड सायकलची टेप घरी बदलताना

रोड सायकलच्या वळणदार हँडलवर गुंडाळलेली टेप हा त्या सायकलचा बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. दुकानात ती रंग पाहून घेतली जाते, मळली की बदलली जाते आणि मळ दिसू नये म्हणून बहुतेक जण काळीच पसंत करतात. दुबई मरीनासारख्या समुद्राच्या काठी वसलेल्या, उष्ण आणि दमट वस्तीत मात्र टेपकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणे धोक्याचे ठरू शकते. टेप घाम शोषते, त्यातील मीठ धरून ठेवते आणि हे मीठ तिच्याखालच्या धातूला महिनोन् महिने चिकटून राहते. हँडल आतून गंजत असले तरी वरून काहीच कळत नाही. ते कळण्याची संधी एकदाच मिळते, जुनी टेप उतरवल्यानंतर आणि नवी चढवण्यापूर्वी.

टेप स्वतः बदलण्याचे कौशल्य अवघड नाही. पहिल्या प्रयत्नाला तास-दीड तास पुरतो, सराव झाल्यावर अर्ध्या तासात काम आटोपते. यातून चार पैसे वाचतात हे खरे, परंतु ज्या नळीवर वेगात असताना संपूर्ण शरीराचा पुढचा भार असतो ती नळी सायकलस्वाराच्या स्वतःच्या नजरेखालून जाते, हा लाभ त्याहून मोठा आहे.

लाखेपासून पॉलियुरेथेनपर्यंत

जुन्या काळी रोड सायकलच्या हँडलवर सुती कापडाची अरुंद पट्टी गुंडाळत. कापड पाण्याने आणि घामाने लवकर खराब होऊ नये म्हणून हौशी सायकलस्वार त्यावर लाखेच्या द्रावणाचे हात देत. लाखेच्या बांगड्यांमुळे मराठी घरांना परिचित असलेली, झारखंड आणि छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यात किड्यांपासून मिळणारी हीच ती लाख. ती चढवलेली पट्टी कडक आणि टिकाऊ होई, पण हाताला फारसा मऊपणा देत नसे.

पुढे चकचकीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. १९८० च्या दशकात इटलीतील चिनेल्ली या कंपनीने बुचाचे कण मिसळलेली मऊ टेप लोकप्रिय केली आणि हँडलला प्रथमच खरीखुरी गादी मिळाली. आज बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. फोममध्ये बुचाचे कण मिसळलेली टेप मऊ आणि स्वस्त असते, घामही बऱ्यापैकी शोषते, परंतु ताणताना तुटण्याचा संभव असतो. पॉलियुरेथेनची टेप ओल्या हातातही घट्ट पकड देते, पुसायला सोपी असते आणि अधिक टिकते, मात्र तिची किंमत जास्त असते. चामड्याची टेप देखणी असते, पण सतत घामाने भिजणाऱ्या हातांना आणि खाऱ्या हवेला ती फारशी मानवत नाही. मरीनातील हवामानाचा विचार करता नव्याने शिकणाऱ्याने मध्यम जाडीची पॉलियुरेथेनची टेप घ्यावी. ती चुकली तर सोडून पुन्हा गुंडाळता येते.

मरीनाची हवा आणि ॲल्युमिनियम

दुबई मरीना ही समुद्राचे पाणी आत घेऊन खोदलेल्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या कृत्रिम कालव्याभोवती उभी राहिलेली वस्ती आहे. तिच्यासमोरचे आखाती पाणी जगातील सर्वसाधारण समुद्रापेक्षा खारट आहे. महासागरात एका किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, तर आखातात हे प्रमाण ४० ग्रॅमच्या आसपास जाते. किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांच्या बाल्कनीत ठेवलेल्या सायकलवर या खाऱ्या हवेचा थर बसत राहतो.

त्यात घामाची भर पडते. एक लिटर घामात साधारणतः अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम असते आणि उन्हाळ्यात जोमाने सायकल चालवणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम निघू शकतो. त्यातला बराचसा हातावरून ओघळून थेट हँडलवर येतो.

तिसरे कारण वातानुकूलन. उन्हाळ्यात घरातील तापमान चोवीस-पंचवीस अंशांवर ठेवलेले असते आणि बाहेरची हवा बाष्पाने जड झालेली असते. पहाटे घरातून बाहेर काढलेल्या सायकलच्या थंड धातूवर, फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीवर जमतात तसे, पाण्याचे थेंब जमतात. उघडी फ्रेम काही मिनिटांत वाळते, टेपखालचा ओलावा मात्र तिथेच अडकून राहतो.

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, म्हणून ते गंजतच नाही असा समज आहे. प्रत्यक्षात हवेच्या संपर्काने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, चिवट थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजागी भेदते. तिथे बारीक खड्डे पडू लागतात आणि पांढरी, पिठूळ भुकटी साचते. खड्डा दिसायला लहान असला तरी ताण नेमका तिथेच एकवटतो. प्रत्येक धक्क्याबरोबर त्या बिंदूवर धातू थकत जातो, चीर पडते, वाढते आणि एखाद्या दिवशी नळी पूर्वसूचना न देता मोडते. सपाट रस्त्यावर मोडली तरी तोल जातो, ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगात मोडली तर परिणामांची कल्पनाच केलेली बरी.

उन्हाळ्यात घरातच स्थिर ट्रेनरवर सायकल चालवणाऱ्यांच्या हँडलला हा धोका अधिक असतो. रस्त्यावर समोरून येणारा वारा बराच घाम वाळवून नेतो. खोलीत तो तासन् तास हँडल, स्टेम आणि त्यांच्या स्क्रूंवर टपकत राहतो. मे ते सप्टेंबर ट्रेनरवर काढून ऑक्टोबरमध्ये पुन्हा रस्त्यावर उतरण्याचा क्रम इथे नित्याचा आहे. रस्त्यावर उतरण्यापूर्वीचा हा काळ टेप बदलण्यासाठी सर्वांत योग्य होय.

कार्बनचे हँडल स्वतः गंजत नाही. परंतु ओलाव्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले तर गंजण्याचा भार ॲल्युमिनियमवर पडतो. त्यामुळे कार्बनचे हँडल असले तरी त्यास धरून ठेवणारे स्टेम, पट्टे आणि स्क्रू तपासणे टळत नाही.

हाताच्या नसेचा प्रश्न

टेपचा दुसरा संबंध शरीराशी आहे. लांब पल्ल्याच्या प्रवासानंतर करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेत मुंग्या येणे, बधिरपणा जाणवणे ही सायकलस्वारांची जुनी तक्रार आहे. कोपराच्या आतल्या बाजूने खाली येणारी अल्नर नस मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडील भागात एका अरुंद पोकळीतून जाते. फ्रेंच शल्यविशारद फेलिक्स गियाँ यांनी १८६१ मध्ये तिचे वर्णन केले आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. हँडलवर हाताचा हा भाग दीर्घकाळ दाबला गेला की नसेवर ताण येतो.

महाराष्ट्रातही लांब पल्ल्याच्या सायकलिंगला आज मोठा चाहतावर्ग आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे प्रवासांत भाग घेणारे हौशी सायकलस्वार तर गावोगावी दिसतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तासांची आणि ६०० किलोमीटरसाठी चाळीस तासांची मुदत असते. इतका वेळ हात ज्या पृष्ठभागावर टेकलेले असतात, त्याची जाडी आणि स्थिती ही गौण बाब राहत नाही.

तरीही टेप जितकी जाड तितकी चांगली, असे समजू नये. दीड-दोन मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरहून अधिक जाडीपर्यंतच्या टेप मिळतात. पंजा लहान असेल तर जाड टेपमुळे हँडलचा घेर वाढतो, मूठ पूर्ण मिटत नाही आणि धरून ठेवण्यासाठी बोटांना अधिक जोर लावावा लागतो. मध्यम जाडीची टेप, बोटे मोकळी ठेवणारे गादीचे हातमोजे आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलण्याची सवय, या तिन्हींचा मेळ अधिक उपयोगी पडतो. बधिरपणा उतरल्यानंतरही कायम राहत असेल, अथवा बोटांची पकड कमकुवत वाटू लागली, तर टेपवर उपाय शोधत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

केव्हा बदलावी

टेप फाटली, सुटली, एखाद्या ठिकाणी गुळगुळीत होऊन हात घसरू लागला, तर ती लगेच बदलावी. सायकल पडून टेप घासली गेली असेल तर खालच्या नळीला मार बसला आहे काय हे पाहण्यासाठी तरी ती उतरवावीच. यांपैकी काहीही झाले नसले तरी नियमित सायकल चालवणाऱ्याने वर्षातून एकदा, आणि उन्हाळाभर ट्रेनर वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा टेप उतरवून पाहावी. आंबूस वास, दाबताच जाणवणारा ओलेपणा, टेपच्या कडेशी दिसणारी पांढरी भुकटी आणि जोर लावताच हँडलमधून येणारी करकर या खुणा दिसल्या तर वेळापत्रकाची वाट पाहू नये.

लागणारे साहित्य

नव्या टेपच्या खोक्यात सहसा प्रत्येकी सुमारे दोन मीटरची दोन वेटोळी, हँडलच्या टोकांसाठी दोन बुचे, शेवट बांधण्यासाठी दोन पट्ट्या आणि ब्रेक लिव्हरच्या मागची जागा झाकण्यासाठी टेपचेच दोन लहान तुकडे असतात. शेवटासाठी दिलेल्या पट्ट्या बहुधा नीट चिकटत नाहीत. म्हणून वीजतारांवर गुंडाळतात ती इन्सुलेशन टेप वेगळी आणावी. याशिवाय धारदार कात्री, ॲलन चाव्यांचा संच, स्वच्छ सुती फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, चांगला उजेड आणि शक्य असल्यास टॉर्क पाना जवळ असावा.

सायकल स्टँडवर किंवा ट्रेनरवर घट्ट बसवावी. यापैकी काही नसेल तर ती भिंतीला टेकवून पुढचे चाक सरळ राहील अशी व्यवस्था करावी. बाल्कनीतील वाऱ्याने धूळ आणि वाळूचे कण चिकट पृष्ठभागावर बसतात, म्हणून हे काम घरातच करावे. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच नव्या टेपला स्पर्श करावा.

जुनी टेप उतरवणे

प्रथम टोकांची बुचे ओढून काढावीत. काही बुचांच्या मध्यभागी स्क्रू असतो, तो सैल केल्याशिवाय बूच निघत नाही. नंतर ब्रेक लिव्हरवरचे रबरी आवरण, म्हणजे हूड, हलक्या हाताने पुढे दुमडावे. स्टेमजवळची इन्सुलेशन टेप कापून जुनी टेप उलट दिशेने उलगडत न्यावी. उलगडताना ती कोणत्या दिशेने गुंडाळली होती आणि लिव्हरपाशी कशी वळवली होती, याचे छायाचित्र काढून ठेवले तर पुढे उपयोग होतो. कापताना पाते नळीवर चालवू नये. कार्बनवर तर ओरखडाही नको.

हँडलच्या पुढच्या किंवा खालच्या बाजूने ब्रेक आणि गिअरच्या तारांची आवरणे जात असतील तर ती जिथे चिकटवलेली आहेत तिथेच राहू द्यावीत. अडचण नसेल तर मात्र ती याच वेळी पाहून घ्यावीत. आवरणाला भेग गेली असेल, टोक गंजले असेल किंवा गिअर अलीकडे जड पडत असतील, तर तारा आणि आवरणे बदलण्याची वेळ हीच आहे. नवी टेप बांधल्यावर आठवडाभरात तार बदलावी लागली, तर सारे काम पुन्हा करावे लागते.

तपासणी: या कामाचा गाभा

उरलेला चिकटपणा अल्कोहोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावा. मिठाचा थर दिसत असल्यास आधी साध्या पाण्याने ओलावलेल्या फडक्याने तो काढावा आणि नळी पूर्ण कोरडी करावी. मग उजेडात, हँडल सगळ्या बाजूंनी पाहावे. ब्रेक लिव्हरचा पट्टा जिथे नळीला आवळतो ती कड, स्टेमच्या तोंडाशी असलेली कड, वळणांची आतली बाजू आणि तारांच्या आवरणाखालची जागा या चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे.

पुसल्यावर भुकटी निघून गेली, पृष्ठभाग नखाला गुळगुळीत लागला आणि केवळ रंग उडालेला असला, तर हँडल वापरात ठेवता येते. मात्र सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. नख अडकेल असे खड्डे पडले असतील, रंगाचे फोड आले असतील, धातूचे पापुद्रे सुटत असतील, रेषेसारखी चीर दिसत असेल किंवा नळी किंचितही वाकलेली असेल, तर ते हँडल निकामी समजावे. चीर घासून घालवणे, खड्डा भरणे, वरून जाड टेप बांधून काम चालवणे, हे उपाय नव्हेत. शंका दूर होत नसेल तर नवे हँडल घ्यावे. त्याची किंमत दातांच्या एका उपचारापेक्षा कमी असते. काढलेले हँडल फेकताना करवतीने दोन तुकडे करावेत, म्हणजे ते कोणाच्या सायकलवर पुन्हा चढणार नाही.

कार्बनच्या हँडलवर सूक्ष्म भेगा, दाबल्यास मऊ लागणारी जागा किंवा स्टेमच्या पकडीने उमटलेला खोल वळ दिसल्यास जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. कार्बनमधील दोष बाहेरून नेहमीच दिसत नाही, त्यामुळे जोरदार पडझडीनंतर ते बदलणेच शहाणपणाचे.

याच वेळी लिव्हर दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहेत की नाहीत हे पाहावे. हूडखालचे आणि स्टेमचे स्क्रू भागावर छापलेल्या मापानुसार आवळावेत. स्टेमच्या स्क्रूंवर बहुधा पाच न्यूटन मीटरच्या आसपासचे माप असते, पण छापलेला आकडाच प्रमाण मानावा. गरजेपेक्षा जास्त आवळल्याने, विशेषतः कार्बनचे, नुकसान होते.

नवी टेप गुंडाळणे

सुरुवात हँडलच्या खालच्या टोकापासून करावी आणि स्टेमकडे जावे. असे केल्याने प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याची कड झाकतो आणि वरच्या भागावरून हात खाली सरकला तरी कड उचकटत नाही. कौलारू घरावर कौले एकमेकांवर चढवतात, त्यातलाच हा प्रकार.

पहिला वेढा घेताना टेपची साधारण अर्धी रुंदी टोकाबाहेर लोंबती ठेवावी. तिचा शेवट नंतर बुचाखाली आत दाबला जातो. सायकलवर बसलेल्या माणसाच्या नजरेतून पाहिल्यास, उजव्या बाजूची टेप नळीच्या वरून बाहेरच्या दिशेला, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, आणि डावी बाजू तिच्या उलट गुंडाळावी. खालचा भाग धरून जोर लावताना मनगटे बाहेर वळतात आणि या दिशेने बांधलेली टेप त्या वळण्याने आवळली जाते.

वरच्या सरळ भागावर हात आपल्याकडे ओढतात, म्हणून तिथे टेप नळीच्या वरून सायकलस्वाराकडे येणारी असावी असे अनेक कारागीर मानतात. खालची दिशा तशीच वरपर्यंत नेली तर ती इथे उलट पडते. दोन्ही साधायचे असेल तर लिव्हरच्या एका बाजूने टेप सरळ वर न्यावी आणि मग नळीभोवती उलट दिशेने वळवावी. पहिल्या प्रयत्नात हे जमले नाही तरी बिघडत नाही. दोन्ही बाजू एकमेकींच्या आरशातील प्रतिमेसारख्या असाव्यात आणि ताण पुरेसा असावा, एवढे पुरे.

ताण सर्वत्र सारखा ठेवणे ही यातली खरी कला. टेप इतकी ओढावी की ती नळीला अंगासरशी बसेल, पण पातळ होऊन तुटणार नाही. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा एकतृतीयांश ते अर्धा भाग झाकावा. मागच्या बाजूस चिकट पट्टी असेल तर ती नळीच्या वर नेहमी झाकलेली राहावी. वळणावर आतल्या बाजूस वेढे एकमेकांवर दाटतात आणि बाहेरच्या बाजूस फटी पडू पाहतात, म्हणून तिथे ताण किंचित वाढवून वेढे अधिक जवळ घ्यावेत. प्रत्येक चार-पाच वेढ्यांनंतर थांबून हँडलच्या खालच्या बाजूने पाहावे, कारण फट बहुधा तिथेच राहते.

लिव्हरपाशी पोहोचल्यावर दिलेला लहान तुकडा पट्ट्याच्या मागून आडवा लावावा, म्हणजे धातू उघडा राहत नाही. मग टेप लिव्हरच्या खालून एका कडेने वर नेऊन पुढे चालू ठेवावी. काही जण लिव्हरभोवती इंग्रजी आठच्या आकाराचा वेढा घेतात. त्यामुळे झाकण पक्के होते, पण हूडखाली फुगवटा येऊ शकतो. हूड परत खाली आणून पाहावे. ते सपाट बसले तर पुढे जावे, नाहीतर दोन वेढे सोडून पुन्हा घ्यावेत. हा एक टप्पा तीनदा केला तरी त्यात कमीपणा नाही.

शेवट आणि बूच

बहुतेक हँडलांचा घेर स्टेमकडे वाढत जातो. हात धरायच्या भागाचा व्यास सुमारे २३.८ मिलिमीटर असतो, तर आजच्या बऱ्याच हँडलांत स्टेमच्या पकडीपाशी तो ३१.८ मिलिमीटर होतो. घेर जिथे वाढू लागतो तिथेच टेप थांबवावी. दिवा, घंटा आणि सायकल कॉम्प्युटर बसवण्याची जागा आधी मोजून ठेवावी. दुबईत सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, घंटा व चालू स्थितीतले ब्रेक असणे आवश्यक आहे, तसेच स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट असले पाहिजे. टेप फार आत गेली की यांतल्या काही वस्तूंना जागा उरत नाही.

शेवटच्या वेढ्यावर टेप तिरकी कापावी, म्हणजे तिची कड हँडलशी काटकोनात, सरळ रेषेत संपते. त्यावर इन्सुलेशन टेपचे तीन घट्ट वेढे द्यावेत आणि तिचे टोक हँडलच्या खालच्या बाजूस येऊ द्यावे. वर आलेले टोक उन्हात सुटू लागते. दुसरी बाजू करताना पहिलीकडे वारंवार पाहून वेढ्यांची संख्या आणि अंतर जुळवावे.

आता टोकाशी लोंबती ठेवलेली टेप आत दुमडून बूच दाबावे. अंगठ्याने न गेल्यास तळहाताने किंवा रबरी हातोडीने हलके ठोकावे. बूच ओढून पाहावे. सहज निघाले तर टेपचा थोडा जास्त भाग आत घेऊन पुन्हा बसवावे किंवा स्क्रूने फुगणारे बूच वापरावे. उघडी नळी ही गोल पात्यासारखी असते. पडताना ती पोटात किंवा मांडीत घुसल्याने गंभीर इजा होतात. म्हणूनच शर्यतीपूर्वीच्या तपासणीत उघड्या टोकाची सायकल रोखली जाते. बूच हरवले असेल तर नवे लावेपर्यंत सायकल बाहेर काढू नये, मग ते अंतर मरीनाच्या पदपथापासून जुमेराच्या किनाऱ्यापर्यंतचेच का असेना.

पुढची निगा

नवी टेप बांधल्यावर पहिली फेरी छोटी ठेवावी आणि परतल्यावर वेढे सरकले आहेत काय ते पाहावे. अल कुद्राच्या वाळवंटी सायकल मार्गावरून परत आलेल्या सायकलच्या टेपमध्ये बारीक वाळू भरते आणि घासून टेपची आयुर्मर्यादा कमी करते. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने टेप पुसावी, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने आणि शेवटी कोरड्या फडक्याने. पाण्याचा जोरदार फवारा टेपवर मारू नये, त्याने पाणी आत जाते. ट्रेनरवर बसताना हँडलवर जाड टॉवेल टाकावा, पंखा समोर ठेवावा आणि उठल्यावर टॉवेल तिथेच न ठेवता हँडल, स्टेम व स्क्रू पुसावेत. सायकल बाल्कनीऐवजी घरात ठेवणे शक्य असेल तर हँडलला दीर्घायुष्य लाभते.

शेवटी एक छोटी नोंद उपयोगी पडते. टेप बदलल्याची तारीख आणि तपासणीत जे दिसले ते दोन ओळींत लिहून ठेवावे, छायाचित्रासह. पुढच्या वेळी टेप उतरवल्यावर तोच डाग वाढला आहे की तसाच आहे हे नेमके कळते. सायकल विकताना किंवा भारतात परत नेताना ही नोंद नव्या मालकाच्या हाती द्यावी. टेप नवी आणि चकचकीत असलेली जुनी सायकल विकत घेणाऱ्याने तर पहिल्याच दिवशी ती टेप उतरवून खालचे हँडल पाहावे.